नावांखालच्या हिरव्या रेघा

बेपोआसे, मंगळवार

परमपूज्य अद्दाईमामांना,

धाकट्या बहिणीचा दहावा मुलगा बादू याचा चपला काढून, मान खाली घालून नमस्कार. (दहावा हे मुद्दाम लिहिलं. गेल्या वेळी माझ्या पत्राचं उत्तर तुम्ही नवव्याला पाठवलं होतं आणि माझ्या वाट्याच्या शिव्या त्याने खाल्ल्या.) तुमचा गुडघा कसा आहे? ताकोराडीची खारी हवा गुडघ्याला बाधते असं आई म्हणते, पण आईला मुळात समुद्र म्हणजेच आगाऊपणा वाटतो, तेव्हा तिचं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवा. चर्चच्या गायनवृंदाने तुम्हाला काढलं की तुम्ही गायनवृंदाला सोडलं, याबद्दल इथे दोन मतं आहेत. मी जाईन तिथे तुमचंच मत सांगतो. इकडे सगळे खुशाल. कोनफळं यंदा बरी आली आहेत. आई ठणठणीत आहे, कारण गेले तीन आठवडे ती माझ्यावर रागावलेली आहे आणि राग तिला मानवतो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमचा नियम मला ठाऊक आहे: चूक मोठी असेल तर कागदावर लिही, म्हणजे राग आला की फाडता येतं, फोन फाडता येत नाही. तेव्हा जरा जाड कागद घेतला आहे. आईने तुम्हाला काहीबाही कळवलं असेलच. तिच्या सांगण्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं माझी जास्तच अब्रू घालवणारं आहे, म्हणून काय घडलं ते मीच लिहितो. थोडक्यात असं, की सेरवाशी माझं लग्न व्हायचं होतं ते आता होणार की नाही हे देवाला आणि तिच्या घराण्याचे प्रमुख ओपानिन सार्पोंग यांनाच माहीत, आणि त्या दोघांपैकी देव निदान रागावलेला नाही. कोकोचा हंगाम संपला की तुम्ही येऊन त्यांच्या दारावर टकटक करायची, दारूच्या बाटल्या पुढे ठेवायच्या, मुलगी मागायची, असं आपलं ठरलं होतं. परवा ओपानिननी चारचौघांत जाहीर केलं, की या मुलाकडून कोणीही दार वाजवलं तरी घरात कुणाला ऐकू येणार नाही. हे का झालं ते लिहितो. तुमच्याकडे मी काही मागणार नाही. मन मोकळं करायचं, एवढंच.

माझी वेबसाइट तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही एकदा ती आईच्या फोनवर पाहिली होती आणि 'अक्षर चांगलं आहे' म्हणाला होतात.) 'बेपोआसे वार्ता' सुरू केली तेव्हा मला गावाला जागं करायचं होतं. बोअरवेलचा दांडा सहा महिने मोडून पडलेला, शाळेचं छप्पर गळतंय, रस्ता कागदावर पूर्ण झालेला, अशा विषयांवर मी पोटतिडकीने लेख लिहिले. ते तीन जणांनी वाचले, आणि त्यातले दोघे मीच होतो. मग गावातले एक म्हातारबाबा वारले आणि त्यांच्या अंत्यविधीचं निवेदन मी सहज टाकलं, तर दोन दिवसांत हॅम्बुर्गपासून टोरांटोपर्यंत जिथे जिथे बेपोआसेचा माणूस भांडी घासतो किंवा टॅक्सी चालवतो, तिथून तिथून लोक येऊन वाचून गेले. आपल्या लोकांना जिवंत माणसाबद्दल वाचायला सवड नसते. तेव्हापासून वेबसाइटवर मेलेल्यांची वर्दळ वाढली आणि बोअरवेल मागे पडली.

वर्दळ दिसली तसा अक्क्राच्या एका जाहिरात कंपनीचा माणूस फोनवर आला. म्हणाला, पानाच्या कडेला चौकटी लावून जाहिरात करायचे दिवस गेले, लोक तिकडे बघतही नाहीत. आमची जाहिरात वाक्याच्या आतच असते. आमचं यंत्र तुमचा मजकूर वाचतं, संदर्भ समजून घेतं, आणि विषयाला धरून असलेल्या शब्दाखाली दोन हिरव्या रेघा ओढतं. वाचणाऱ्याने त्या शब्दावर बोट ठेवलं की इवलीशी खिडकी उघडते आणि तीत जाहिरात. मजकुराला धक्का नाही. मला त्यातली 'यंत्र मजकूर वाचतं' ही गोष्ट फार आवडली. माझा बोअरवेलवरचा लेख अखेर कोणीतरी वाचणार होतं. वाचलाही. 'पाणी' या शब्दाखाली त्याने पोहण्याच्या तलावाच्या फरशा विकायला काढल्या. शाळेच्या गळक्या छपरावर लिहिलं, तर 'छप्पर' शब्दाखाली समुद्रकाठच्या बंगल्याची खिडकी उघडायची. यंत्राला संदर्भ कळत होता, फक्त आमची परिस्थिती कळत नव्हती.

पुढे कंपनीने मुभा दिली, की तुमच्या गावातल्या दुकानदारांनाही शब्द द्या. मी बाजारभर फिरलो. मला वाटलं, लोक 'सिमेंट', 'कापड', 'बर्फ' असे शब्द मागतील. पण आपली माणसं ती आपली माणसं. मांडव आणि खुर्च्या भाड्याने देणारा बोआदी म्हणाला, खुर्ची हा शब्द घेऊन मी काय करू, खुर्ची कोणाचीही असते, मला माझं नाव दे. ते ऐकून लाकूडवाल्या सार्पोंगनेही नाव मागितलं, कापडवाल्या फोसुआनेही, आणि बघता बघता नऊ जणांनी आपापली नावं घेतली. यंत्राच्या रकान्यात एकच शब्द मावायचा, म्हणून मी नुसतं 'बोआदी', नुसतं 'सार्पोंग' असं भरलं. गावात बोआदी किती आहेत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत मी दोन बोआदींच्या मधेच बसायचो. तरीही भरलं. शिकलेल्या माणसाचं डोकं कधीकधी शिक्षण सांभाळायलाच अपुरं पडतं.

आणि मग सेरवाची आजी, आपल्या न्यार्कोआजी, एक्याण्णवाव्या वर्षी झोपेतच गेल्या. आठवड्याचा विधी झाला, आजींना शवागाराच्या थंड कपाटात ठेवलं, आणि घराणं निवेदनाच्या मजकुराला बसलं. मजकूर म्हणजे काय, नावांची यादी. प्रमुख कोण, मुख्य शोक करणारे कोण, मुली कोण, नाती कोण, जावई कोण, आणि कोणाच्या आधी कोण. अकरा दिवस बैठका चालल्या. एक जावई तिसऱ्याचा दुसरा व्हावा म्हणून एक बकरी कामी आली आणि तरी तो तिसराच राहिला. शेवटी त्रेचाळीस नावं ठरली, आणि ती वेबसाइटवर टाकायचं काम माझ्याकडे आलं. हे सेरवाने घडवून आणलं होतं. तिच्या आईला, पोमामावशींना, मी पसंत नव्हतो (फोनवर बोटं फिरवून पोट भरणाऱ्याला मुलगी देणं म्हणजे वाऱ्याशी सोयरीक, असं त्यांचं मत), आणि या कामाने ते बदलेल असा सेरवाचा हिशोब होता. कागद हातात देताना ती म्हणाली, "बादू, यातलं एक नाव इकडचं तिकडे करू नकोस. हे एवढं एक काम नीट कर. आईचं मी बघते."

मी नीट केलं हो मामा. नाव न् नाव जुळवलं, आईकडून मोठ्याने वाचून घेतलं, तीनदा तपासलं. कडेच्या जाहिरातींच्या चौकटी आठवणीने काढल्या, कारण दुःखाच्या पानावर दुकानदारी बरी दिसत नाही एवढी अक्कल मला आहे. शब्दांतल्या जाहिराती मात्र साफ विसरलो. आणि त्या मला दिसल्याही नाहीत. इथे एक कबुली देतो: माझ्या फोनवर जाहिराती दिसतच नाहीत, मीच त्या अडवणारी सोय बसवून घेतली आहे. खानावळवाला घरी जेवतो, त्यातलंच. तेव्हा माझ्या फोनवर पान कसं स्वच्छ, गंभीर, आजींना शोभेलसं दिसत होतं. मी ते गावभर पाठवून दिलं आणि जावयाच्या थाटात अंगणात बसून भाजलेली केळी खाल्ली.

तासाभरात पहिला फोन आला. मला वाटलं, कौतुकाचा. गावाच्या फोनवर दिसत होतं ते असं: त्रेचाळीस नावांपैकी सात नावांखाली दोन-दोन हिरव्या रेघा. ओपानिन सार्पोंग यांच्या नावाखाली होत्या. तिसरे जावई बोआदी यांच्या नावाखाली होत्या. फोसुआ नावाच्या दोन भाच्या, अंत्वी नावाचे दोन चुलते, आणि नातींमध्ये सेरवा. जाहिरातीचं नाव कोणाच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे नाव वर आहे की खाली, मोठ्या अक्षरात आहे की बारीक, यावर पाच-पाच वर्षं बोलणं बंद राहतं, तिथे नावाखाली रेघ म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगायला लागत नाही. घराण्याने सात जणांना मान दिला आणि छत्तीस जणांना दिला नाही, हे अर्ध्या दिवसात सर्वमान्य झालं. ओपानिननी स्वतःच स्वतःच्या नावाखाली ओढून घेतल्या असंही काही जणांनी ठरवलं. जावई बोआदी, जे न्यार्कोआजींना आयुष्यात दोनदा भेटले आणि त्यातल्या एका भेटीत झोपले होते, ते ताबडतोब सुन्यानीहून आले आणि पुढच्या खुर्चीवर बसले. आणि पोमामावशी, थोरली मुलगी, ज्यांनी चौदा वर्षं आजींना हाताने भरवलं, त्यांच्या नावाखाली काही नव्हतं. त्यांनी शोकाचं लाल-काळं कापड सोडून घडी घालून ठेवलं आणि सांगितलं, की माझ्या नावाखाली नाही आणि माझ्या पोटच्या पोरीच्या नावाखाली आहे, तर आईला पोरीनेच निरोप द्यावा. ज्या बाईसाठी हे सगळं, त्या न्यार्कोआजींच्या नावाखालीही रेघ नव्हती, पण त्याचं कोणालाच काही वाटलं नाही.

तरुण मंडळींनी बोट ठेवून पाहिलं तेव्हा खिडक्या उघडायला लागल्या. जावयाच्या नावाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, भाच्यांच्या नावाखाली नवी कापडं, आणि ओपानिन सार्पोंग यांच्या नावाखाली 'मजबूत फळ्या, छपरासाठी आणि शवपेटीसाठी'. ओपानिन चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते शांतपणे म्हणाले, "आधी मला मरू तर द्या."

इथे मी ते पान काढून टाकलं असतं आणि घरात लपलो असतो तरी भागलं असतं. पण मला समजावून सांगायची खोड. दुसऱ्या दिवशी मी थेट घराण्याच्या बैठकीत गेलो आणि आंब्याखाली उभा राहून सतरा वडीलधाऱ्या माणसांना वाक्यातली जाहिरात म्हणजे काय यावर व्याख्यान दिलं. अंगठ्याने दाखवलं, यंत्र कसं वाचतं ते सांगितलं, संदर्भ म्हणजे काय ते सांगितलं. म्हणालो, रेघा मी ओढलेल्या नाहीत, सगळ्या यंत्राच्या आहेत. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एका म्हाताऱ्या चुलत्यांनी विचारलं, की बाकीचे सोडून यंत्राने हेच सात का निवडले? मी म्हणालो (हे मी खरोखर म्हणालो, मामा), की यंत्र सगळा मजकूर तपासतं आणि त्यातले जे सर्वांत मोलाचे तेवढेच निवडतं. कंपनीच्या माहितीपत्रकात तसंच लिहिलेलं आहे. पोमामावशी उठून आत गेल्या. मी बसलो तेव्हा शेजारच्यांनी बाक थोडा पलीकडे सरकवला.

मग मी चूक दुरुस्त करायला घेतली, आणि माझ्या चुकांपेक्षा माझ्या दुरुस्त्या महाग पडतात हे तुम्ही मी सात वर्षांचा असतानाच म्हणाला होतात. रेघ हाताने ओढणं सोपं असतं, नुसता हिरवा रंग द्यायचा. सगळ्यांनाच मान मिळाला तर भांडण कसलं, असा विचार करून मी उरलेल्या सगळ्या नावांखाली हिरव्या रेघा ओढल्या. संध्याकाळच्या आत सोळा दूरचे नातेवाईक यादीत नाव घालायला आले. मूळचे सात जण म्हणाले, सगळ्यांच्या डोक्यावर मुकुट म्हणजे बाजारातल्या टोपल्या. आणि यादीतल्या हॅम्बुर्गच्या एका पुतण्याचा फोन आला, की जावयाच्या नावाखाली खुर्च्या निघतात, माझ्या नावावर बोट ठेवून ठेवून दुखायला लागलं तरी काही निघत नाही, आम्ही परदेशातून एवढं पाठवतो त्याचं हेच का? तेव्हा मी सगळ्याच रेघा काढून टाकल्या. त्यावर जावई बोआदी स्वतः माझ्या दारात आले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, की आपल्याला काढून टाकण्याचं कारण समजलं तर बायकोला सांगायला बरं पडेल.

आता स्थिती अशी आहे. न्यार्कोआजी अजून शवागारात आहेत, कारण हे मिटल्याशिवाय ओपानिन अंत्यविधीची तारीख लावत नाहीत. गेल्या बैठकीत त्यांनी मला एक प्रश्न विचारला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. दार वाजवण्याबद्दलचं ते वाक्य त्यांनी त्यानंतर उच्चारलं. मी पोमामावशींकडे माफी मागायला गेलो. त्या फुफूसाठी उकडलेली कोनफळं कुटत होत्या. मुसळ न थांबवता त्या म्हणाल्या, "रेघांचं राहू दे. यंत्राला आई नसते, त्याला काय कळणार. पण तू स्वतःचं तोंड घेऊन मोठ्यांच्या बैठकीत उभा राहिलास. तुला मामा नाही का?"

हे मला लागलं, मामा. रेघांपेक्षा जास्त लागलं. ज्याची चूक झाली त्याने गप्प मागे बसायचं आणि त्याच्या वतीने मोठ्या माणसाने बोलायचं, एवढी साधी रीत लहान पोराला कळते, आणि मी तिथे उभा राहून संदर्भ समजावत होतो. सेरवा हातची जाईल या भीतीने मला काही सुचत नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही सुचत नाही. जेवण जात नाही, आणि आईला ते पथ्य वाटतं.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला शिया लोणी चोळत जा. गायनवृंदाला तुमची किंमत कळेल. मोठ्या माणसाला माझ्या रडगाण्याचा त्रास दिला त्याबद्दल क्षमा असावी. हे पत्र ताकोराडीच्या बसचालकाच्या हाती देतो आहे, तो तुमच्या दारात येऊन देईल.

तुमचा आज्ञाधारक (यापुढे) भाचा,
बादू

ता. क. वर लिहिलं आहे की मी काही मागणार नाही. ते मी दोन पानांपूर्वी लिहिलं होतं. शनिवारी सकाळी ओपानिनच्या अंगणात शेवटची बैठक आहे आणि 'माझे मामा येणार आहेत' असं मी सांगून बसलो आहे. शुक्रवारच्या बसचं तिकीट सोबत जोडलं आहे, खिडकीजवळचं. श्नॅप्सच्या बाटल्या मी घेतल्या आहेत, तुम्ही फक्त गुडघा घेऊन या. उभं राहून 'भाचा मूर्ख आहे' एवढंच म्हणायचं आहे. आई म्हणते, त्याला तुम्हाला तयारी लागणार नाही.

ता. क. २. ओपानिनचा तो प्रश्न लिहिण्यासारखा नाही असं म्हटलं, पण तुम्हाला तो आधी माहीत असलेला बरा. माणूस आयुष्यभर कोको तोलत आला आहे, काटा कुठे दाबला जातो ते त्यांना बरोबर कळतं. त्यांनी गोंधळाच्या पहिल्याच दिवशी सातही नावांवर बोट ठेवून घेतलं होतं. सहा नावांखाली दुकान निघालं, सातव्याखाली काहीच निघालं नाही. त्यांनी ते मनात ठेवलं. मग हॅम्बुर्गच्या तक्रारीवरून त्यांना कळलं, की हाताने ओढलेल्या रेघेखाली काही निघत नाही. भर बैठकीत मला म्हणाले, "सहा रेघा यंत्राच्या, मानलं. सेरवाच्या नावाखालची कोणाची? आणि तिच्याखाली काय आहे?"

ता. क. ३. माझी. गावात सेरवा नावाचं कुठलंच दुकान नाही. त्रेचाळीस नावं लिहून झाली, तीनदा तपासून झाली, आणि तिच्या नावाशी मी थांबलो. यंत्राचाच हिरवा रंग घेतला आणि दोन रेघा ओढल्या. वाटलं, एवढ्याशा रेघेकडे कोण बघतंय. माझ्या फोनवर तर त्या अख्ख्या पानात तेवढ्या दोनच रेघा होत्या, आणि केळी खाताना मी त्याच बघत होतो. सगळ्या रेघा यंत्राच्या आहेत असं मी सतरा वडीलधाऱ्यांसमोर सांगितलं ते खोटं होतं, आणि वरच्या पानांत तुम्हालाही तसंच भासवलं, त्याची माफी शनिवारी समोर मागेन. सेरवा माझ्याशी बोलत नाही. पण ते पहिलं पान तिने फोनमध्ये साठवून ठेवलं आहे, आणि पुसायला सांगितलं तर पुसत नाही, असं पोमामावशी सगळ्यांना रागाने सांगत असतात. ओपानिनच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, मामा. पण ते मुलाने सांगायचं नसतं. या.